रिकामटेकड्याच्या खोल्या

५ जानेवारी

वाचलं! मोबाइल सकाळीच मेला होता. आजचं चित्र हुकलं असं धरूनच चाललो होतो. चहाच्या सुट्टीत पहारेकऱ्याचा चार्जर मागून घेतला. चित्र होतं अजून. उतरवून घेतलं. जीव भांड्यात पडला.

आज माणूस काडेपेटीत आहे. तोच नेहमीचा – वांग्यासारखं नाक, डोक्यावर तीन केस. पाय पोटाशी घेऊन पडलाय. त्याच्याभोवती वेली, गाठी, खवले, डोळे, पुन्हा वेली. काळं पेन, खोडाखोड कुठे नाही.

‘रिकामटेकडा’ हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. खरं नाव काय, बाई की बुवा, कुणाला ठाऊक नाही. रोज सकाळी एक डूडल मोबाइलवर टाकायचं आणि त्याच दिवशी केव्हातरी आपणच पुसून टाकायचं, असा त्याचा नेम. गावच्या शाळेत आम्ही याला गिरगटणं म्हणायचो, आणि त्याबद्दल तळहातावर छडी बसायची. आता लोक त्याला कला म्हणतात. मला तेवढं कळत नाही. पुसलेलं बघवत नाही, एवढंच. म्हणून ठेवतो.

७ जानेवारी

छपाईवाल्याकडे आठवड्याची चित्रं काढून आणली. त्याला आता सांगावं लागत नाही – जाड कागद, चारी बाजूंनी पांढरं सोडून, जसं आहे तसं.

घरी बसून कापली. जुनी फाइल केव्हाच भरलीय. नव्या फायली दादाने आणून दिल्या, त्याच्या हापिसात पडून होत्या म्हणे. छान आहेत, पण आतले प्लास्टिकचे खिसे लहान. चित्र मावत नाही. दादा एवढ्या हौसेने घेऊन आला – “घे, तुझ्या त्या बाहुल्यांना!” – त्याला नको कसं म्हणणार? म्हणून उजव्या कडेची पांढरी पट्टी कापतो. त्या पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढी खूण असते. सही असावी. चित्राला मात्र कात्री लागू देत नाही.

पट्ट्या आमची ही घेऊन जाते. एका शेगडीवरून दुसरी पेटवायला बऱ्या पडतात म्हणते. “तुमच्या त्या रिकामटेकड्याचा घराला एवढा तरी उपयोग!” दोन-चार मी पोथीत खुणेला घालतो.

८ जानेवारी

काही नाही. लिफ्ट वर-खाली.

१२ जानेवारी

आज एक गोष्ट झाली. लिहू की नको असं वाटतंय, म्हणजे लिहायलाच हवी.

छपाईवाल्याने स्टूल पुढे केलं. म्हणाला, “काका, माझ्याकडे येता का कामाला?” मला वाटलं थट्टा. तर म्हणे नाही, खरंच. जुने कागद, नकाशे, लोकांच्या घरचे फोटो – हे सगळं साफ करून, स्कॅन करून, बांधून द्यायचं काम त्याच्याकडे यायला लागलंय. “मशीन मला येतं हो. कागदाला हात कसा लावायचा ते येत नाही. तुम्ही चित्र उचलता ना, ते मी बघत असतो – झोपलेलं पोर उचलावं तसं.”

महिनाअखेरपर्यंत सांगा म्हणाला. दुसरा एक जण मागे लागलाय.

दुकानाला रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी आहे. हे मी कशाला लिहिलं?

१३ जानेवारी

होणार नाही. हे लिफ्टचं काम दादाने लावून दिलेलं. इमारतीच्या मॅनेजरपुढे त्याने हात जोडले होते, मी बघितलंय. “माझ्या शब्दाखातर घ्या याला.” तेव्हा माझ्या हाताला काम नव्हतं. आजही आम्ही राहतो ते त्याच्याच घरात, मागच्या खोलीत. वहिनी गेल्यापासून तोही आमच्याच ताटाला ताट लावून जेवतो. सकाळी दोघे मिळून निघतो, संध्याकाळी दोघे मिळून परततो. तो सहाव्या मजल्यावर हिशेब बघतो, मी त्याला सहाव्यावर सोडतो. निवृत्तीचं वय झालं, तरी त्याने नोकरीची मुदत वाढवून घेतली. कामाची माणसं अशी असतात. अशा माणसाला जाऊन सांगू, की तू दिलेल्या पेटीत माझा जीव घुसमटतो?

हिला अजून बोललो नाही. ती लगेच म्हणेल, “घ्या की मग!” तिचं सगळं सोपं असतं.

लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्याला एकदा नाव घेतो देवाचं. वर जाताना आणि खाली येताना. लोकांना वाटतं मी मजले मोजतो.

१६ जानेवारी

आज अत्तराची एवढीशी बाटली. तोंडाला बूच. माणूस आत उभा, नाक काचेला चिकटून चपटं झालेलं. खाली लोकांनी लिहिलंय – “किती गोड!” “अगदी मी सोमवारी!” हसणारे चेहरे.

मला नाही हसू आलं.

१८ जानेवारी

रविवार. हिला म्हटलं आज जरा जमीन दे मला. सगळ्या फायली काढल्या आणि चित्रं तारखेप्रमाणे मांडली, दारापासून मोरीपर्यंत. ही पदर खोचून कडेकडेने चालत होती. “माणसाने पाय कुठे ठेवायचा हो?”

एका वेळी एक चित्र बघणं वेगळं आणि सगळी एकदम बघणं वेगळं. सुरुवातीला तो खोलीत आहे – पलंग, खुर्ची, कोपऱ्यात झाड. मग लहान खोली. मग कपाट. मग टेबलाचा खण. मग पेटी, डबा, काडेपेटी, आणि गेले तीन दिवस बाटलीच. जागा आकसत आलीय. रोज एक बघणाऱ्याला हे कळणार नाही. तो आधीची पुसतो, त्यामुळे कुणालाच कळणार नाही. फक्त मला कळलं, कारण माझ्याकडे सगळी आहेत.

आणि दुसरी गोष्ट. गुडघ्यांवर रांगत एकेक तपासलं. दार नाही. एकाही चित्रात दार नाही! खोलीला नाही, कपाटाला नाही. रेघांचं एवढं रान, पण बाहेर जायला फट म्हणून नाही.

हिला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “अहो, याला कुणी आहे का?”

१९ जानेवारी

आज चित्र नाही.

२० जानेवारी

आजही नाही. बाटली पुसली, नवीन काही टाकलं नाही. असं आजवर झालं नव्हतं.

२२ जानेवारी

नाही.

कोर्टाची कामं करणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “भाऊ, अहो चौथा गेला!” पाचव्यावर नेऊन ठेवलं होतं त्यांना.

२३ जानेवारी

लिहिलं त्याला. शेवटी लिहिलंच. जेवणाच्या सुट्टीत, स्टुलावर बसून, एका बोटाने.

“नमस्कार. आपण मला ओळखत नाही. मी लिफ्टवर काम करतो. आपली चित्रं मी पहिल्यापासून जपून ठेवली आहेत, त्याबद्दल राग मानू नये. मला चित्रातलं कळत नाही, पण पेटीत बसणं कळतं. आपला माणूस फार लहान जागेत आला आहे आणि त्याला दार नाही. आपण बरे आहात ना? एवढंच कळवा. चित्र नाही टाकलंत तरी चालेल.”

निरोप नुसता त्याच्यासाठी लिहायचा होता. दाबायचं भलतंच दाबलं आणि तो सगळ्यांना दिसेल असा गेला! खाली एकाने लिहिलं – “काका, जास्त विचार करू नका, डूडल आहे ते.” दुसऱ्याने – “काकांना दार द्या कुणीतरी.” त्यावर दीडशे हसरे चेहरे.

कान तापले. पुसावंसं वाटलं. मग राहू दिलं. उद्या तो खरंच बाटलीत असला तर?

२७ जानेवारी

संध्याकाळी सुटताना दादा लिफ्टमध्ये आला. आम्ही दोघेच. तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मध्ये वीज गेली. काळोख, आणि ती शांतता – पंखाही बंद.

दादाला अशा वेळी घाम फुटतो. मी त्याचा हात धरून स्टुलावर बसवलं. म्हटलं, “येईल आता. घाबरू नको.” लहानपणी विहिरीच्या पायऱ्या उतरताना तो मला असंच म्हणायचा.

मला वाटलं, आता. तोंडही दिसत नाही एकमेकांचं. आता सांगून टाकावं. “दादा, एक बोलायचं होतं –” आणि नेमका तोही म्हणाला, “अरे, तुला एक सांगायचं राहिलंय –”

“तू बोल आधी.”

“नाही नाही, तू बोल.”

“मोठा तू आहेस.”

“म्हणून तर सांगतो, तू बोल.”

अशी आमची चालली होती आणि दिवे आले. लिफ्ट सुरू झाली. उजेडात दोघेही दाराकडे बघत उभे राहिलो. खाली आल्यावर दादा म्हणाला, “भाजी घ्यायचीय का?”

२८ जानेवारी

पुतणीचा फोन आला होता दादाला. त्याचं नेहमीचं – “बघू गं, बघू. इथलं सोडून कसा येणार?” घरावर फार जीव त्याचा.

हिला आज छपाईवाल्याचं सांगितलं. वाटलं होतं तसंच – “घ्या की मग!” म्हटलं, दादा? तर म्हणाली, “भाऊजींना विचारलंत का? नाही ना? मग त्यांच्या वतीने नाही कोण म्हणतंय?”

पोथी घेऊन बसलो. वाचलं काय ते देवालाच ठाऊक.

२९ जानेवारी

उत्तर आलं! मला एकट्याला. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

“काका, मी ठणठणीत आहे. घर बदलत होते. पेनं कुठल्या खोक्यात गेली ते सापडत नव्हतं, नेटही नव्हतं. तुमचा निरोप आज वाचला आणि रडले. एवढ्या माणसांनी चित्रं पाहिली, पण ‘बरी आहेस ना’ असं कुणी विचारलं नव्हतं. पण काका, दार आहे. रोज असतं. मी ते सगळ्यांत शेवटी काढते, चौकटीच्या बाहेर, उजव्या कडेला. आतल्या माणसाला ते दिसत नाही, म्हणून एवढंसं काढते. तुम्ही सगळी जपलीत ना? मग बघा.”

बाई आहे. मी इतके दिवस ‘तो’ म्हणत राहिलो.

उजव्या कडेला.

३० जानेवारी

सकाळी कामावर जायच्या आधी जुनी फाइल घेऊन छपाईवाल्याकडे गेलो. त्याच्या भिंगाखाली धरली. मी जिला सही समजत होतो ती सही नाही. दार आहे. चौकट, कडी, उंबरा. प्रत्येक वेळी वेगळं – कुठे अर्धवट उघडं, कुठे पायरीवर चप्पल, एका ठिकाणी पायपुसण्यावर मांजर. तांदळाच्या दाण्यात मांजर!

नव्या फायलींत एकही नाही. सगळी मी कापली. स्वतःच्या हाताने, जपून, पट्टी लावून. का, तर खिसे लहान होते. आणि खिसे लहान आहेत हे मला दादाला सांगवलं नाही. ‘दादा, जरा मोठी फाइल मिळेल का’ – एवढंच तर वाक्य.

छपाईवाला म्हणाला, “काका, बसा जरा. पाणी आणतो.”

घरी येऊन हिला विचारलं, पट्ट्या कुठे आहेत? तिने शेगडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. “अहो, मला काय माहीत –” तिचा काय दोष! दारं जाळून आम्ही दूध तापवलं.

मग पोथी आठवली. उघडली. पानापानांतून पट्ट्या निघाल्या. ज्या जागेवर रोज बोट ठेवून वाचत होतो, तिथेच दार होतं. काडेपेटीच्या चित्राचं दार त्यात सापडलं. सताड उघडं आहे.

कामावर उशिरा पोचलो. मॅनेजर बोलला. ऐकू आलं नाही.

३१ जानेवारी

चित्रं काढणाऱ्या बाईला खरं ते कळवलं – कापली, जळाली, थोडी उरली. तिचं उत्तर – “जळू देत. दार वापरायलाच असतं. पुन्हा काढीन.”

आज महिनाअखेर. छपाईवाल्याला म्हटलं, एक दिवस थांब. तो म्हणाला, “एकच.”

१ फेब्रुवारी

सकाळी दादाला सांगितलं. दुकानाचं, लिफ्टचं, फायलींच्या खिशांचंही. एका दमात, खाली बघून.

दादा म्हणाला, “मुदत मी कशाला वाढवून घेतली असेल, वेड्या? पोरगी दोन वर्षं बोलावतेय. तुला त्या पेटीत एकट्याला टाकून जायचा धीर होत नव्हता.”

आणि उठून विचारलं, “माझी बॅग माळ्यावर आहे ना रे?”

मी स्टूल घेतलं आणि काढून दिली.