मशीनला सांगण्याआधी

शिरूर
रविवार, १८ नोव्हेंबर २००७

प्रिय वहिनींना,
गौतमीचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण दवाखान्यात चल म्हटलं की ऐकत नाही. तुमच्याकडे सगळे बरे असतील. मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तुमच्या भावानं उचलला. "ताई कुणाशी बोलत न्हाई," एवढंच म्हणाले. म्हणून लिहिते आहे. मी लिहायला बसले हे बघून आई म्हणाली, "तिला म्हणावं, तुझं पांघरूण धुऊन ठेवलंय. थंडी पडाय लागली. ते न्यायला तरी ये."

ऑफिसचं काम चालू आहे. दादा जे करायचं करायचं म्हणत होता, ते मी दिवाळीआधी केलं. पूर्वी ऊसतोडणीच्या प्रोग्राममध्ये काही बदललं की तो सगळं हातानं जुळवायचा, सीडीवर घालायचा आणि कारखान्यावर जाऊन तिथल्या सर्व्हरवर बसवायचा. आता कोपऱ्यात एक जुनं मशीन ठेवलं आहे. आमच्यापैकी कुणीही बदल केला की ते स्वतःच प्रोग्राम बांधतं आणि स्वतःच चाचण्या घेतं. सगळ्या पास झाल्या तर स्क्रीनवर हिरवा गोळा येतो, एक जरी नापास झाली तर लाल. लाल असेल तर काम तिथंच थांबतं. हिरवं झालं की प्रोग्राम आपोआप इंटरनेटवरून कारखान्याच्या सर्व्हरवर जातो. कुणाला जावं लागत नाही.

एक छोटी गोष्ट विचारायची होती. सीडी करण्याआधी दादा लॅपटॉप तुमच्यापुढं ठेवायचा. तुम्ही हात पुसत यायचात आणि म्हणायचात, "तुमचा प्रोग्राम शहाण्या माणसासाठी हाय. आता मी गट ऑफिसातल्या कारकुनावानी वागते." मग काहीतरी मोडायचंच. तुम्ही काय काय करून बघायचात, ते आठवेल तसं लिहून पाठवाल का? सवडीनं.

विचारायचं कारण असं. या हंगामाची तोडणी पावतीची नवी स्क्रीन मी केली. ती तुमच्यापुढं कधी आलीच नाही. माझ्या चाचण्या सगळ्या पास होत्या. हंगाम सुरू झाला आणि कारखान्याच्या एका गट ऑफिसात नेट हळू होतं. कारकुनानं बटण दाबलं, काही दिसेना म्हणून परत दाबलं. प्रत्येक वेळी प्रोग्रामनं पुढची टोळी नेमली. उसाच्या एकाच फडाच्या दोन पावत्या निघाल्या, तोडणीच्या दोन वेगळ्या टोळ्यांच्या नावानं. फड ज्योतिबा नावाच्या शेतकऱ्याचा. त्यांनी पावतीवरच्या नंबरला फोन लावला, तो आमच्याकडं लागला.

"ओ बाई, दोन टोळ्या आल्यात माझ्या एका फडावर. म्या काय उसाची जत्रा भरवलीय व्हय?"

"एक मिनिट थांबा, मी बघते."

"मी थांबतो की. कोयतं थांबत्यात का, त्यांस्नी इचारा."

मागून बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता.  ढकलाढकलीत एका बाईच्या हाताला कोयता लागला, टाके पडले, हे नंतर कळलं. मी रिसीव्हर हातात धरूनच मान वळवून कोपऱ्यात पाहिलं. मशीन हिरवंच होतं.

तुम्ही ते बटण हमखास दोनदा दाबायचात. दादा ओरडायचा, "अगं, एकदा दाबलं की पुरं!" तुम्ही म्हणायचात, "माणूस एकदा दाबून थांबतंय व्हय?" हे मला त्या फोननंतर आठवलं. अजून काय काय असेल, ते मला माहीत नाही.

इथं पत्र संपवायचं होतं. सरांचा ड्रायव्हर उद्या दौंडला तुमच्याकडं येणार आहे, त्याच्याजवळ देऊन उत्तर लगेच आणायचं, असं ठरलं आहे. पण हे पत्र मी त्याला देणार नाही. स्वतः पोस्टात टाकीन.

वहिनी, हे पत्र सत्यजीत सरांनी लिहायला सांगितलं आहे. वर 'सवडीनं' लिहिलं आहे ना, तो शब्दही त्यांचा.

दादाच्या जलदान विधीला ते घरी आले होते, तेव्हा सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "वहिनी, सुमितची खुर्ची तुमची. हंगामाला या." तुम्ही त्या भरवशावर आहात हे मला माहीत आहे. माहेरी जाताना तुम्ही आईला तेच सांगून गेलात. हंगाम सुरू झाला, तरी त्यांनी तुम्हाला बोलावलं नाही. परवा मला केबिनमध्ये घेऊन म्हणाले, "तू घरची आहेस. सहज विचार तिला. एकदा तिच्या डोक्यातलं सगळं चाचण्यांमध्ये आलं, की माणूस कशाला बसवायचा?"

मी हो म्हणाले. मला पटकन बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.

घरी आले आणि जेवले नाही. दादा गेला त्या दिवशी तुम्ही एकच वाक्य बोललात, "सीडी एसटीनं पाठवली असती तर चाललं नसतं का?" त्या पावसात त्याला मोटरसायकलवर जायची गरज नव्हती. पुन्हा कुणी सीडी घेऊन त्या रस्त्याला लागू नये, म्हणून मी हे मशीन लावलं. तुम्हाला बाहेर ठेवायला नाही लावलं.

म्हणून काल एक काम केलं. दोनदा दाबण्याची चूक दुरुस्त केली, तिची चाचणी लिहिली. आणि मशीनला एक पायरी वाढवली. सगळं हिरवं झालं, तरी प्रोग्राम कारखान्याकडं जाण्याआधी थांबतो. एका माणसानं स्वतः वापरून बघून मंजूर म्हटल्याशिवाय पुढं सरकत नाही. त्या माणसाच्या जागी मी तुमचं नाव घातलं, राजश्री.

दुपारी सरांनी स्क्रीन पाहिली.

"हे काय? कशासाठी थांबलंय?"

"वहिनींसाठी."

"नाव काढ ते."

"नाही काढत, सर."

"मग तूही नको उद्यापासून. पुण्याहून माणूस आणीन, तासाभरात काढेल."

तरी मी बोलले, की कारखान्याचे शेतकी अधिकारी रोज फोन करून विचारतात, पावती सोडण्याआधी बघतं कोण? त्यांना तुम्ही काय नाव सांगणार? हाताला टाके पडलेल्या बाईला काय सांगणार? सरांनी स्क्रीन पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघू. आली तर आली." आणि हेही म्हणाले, "तोवर तिचं उत्तर आलं, तर मला आधी दाखव."

शुक्रवारनंतर काय होईल, मला सांगता येत नाही. कदाचित नाव जाईल, कदाचित मीही. आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती विचारते, "जेवली का न्हाईस?" मी पोट दुखतंय म्हणते.

तुम्हाला यायचं नसेल, तर तसं कळवा, मला राग येणार नाही. त्या खुर्चीत बसणं सोपं नाही. मी रोज तिच्या शेजारी बसते आणि तिच्याकडं बघत नाही. पण यायचं असेल, तर कागदावर काही लिहून पाठवू नका. ड्रायव्हर आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. शुक्रवारच्या आत या, आणि घरी येण्याआधी ऑफिसात या. सरांच्या सहीची नेमणुकीची ऑर्डर हातात घ्या आणि पर्समध्ये ठेवा. मगच तुम्ही काय काय करून बघायचात, ते सांगा. त्याआधी कुणालाही सांगू नका. मलाही नाही, मी पुन्हा कितीही गोड बोलून विचारलं तरी.

सुमितची बहीण आणि तुमची नणंद,
गौतमी