आग विझवायच्या गोळ्या आणि माझं ब्लँकेट

३ तारीख, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मी लॅबमध्ये आग विझवायच्या गोळ्यांवर संशोधन करतो. म्हणजे गोळ्या मॅडम बनवतात, मी ट्रेमध्ये तेल ओतून आग लावतो. आगच नसेल तर विझवणार काय, कपाळ? गोळी चालू केली की बारीक पांढरा धूर, आग गप्प. हवेला त्रास नाही, ओझोनला धक्का नाही. २४ला पाहुण्यांसमोर डेमो. जमलं तर मी पर्मनंट. नाहीतर भाऊजींचं पंक्चरचं दुकान आहेच. ताईला फोनवर सांगून टाकलं, सायंटिस्ट झालो.

५ तारीख
सात सेकंदांत आग खल्लास! मॅडम खूश. संकल्प : रोज एक इंग्रजी शब्द आणि धुतलेले कपडे. मळका सायंटिस्ट शोभत नाही. पण खोलीवर ऊन येत नाही, काही वाळत नाही.

८ तारीख
गोळ्या ठेवतात त्या खोलीवर पाटी : ड्रायिंग रूम. आजचा शब्द. ड्रायिंग म्हणजे वाळवणे. कंपनीने कामगारांची किती काळजी घ्यावी! गोळ्यांच्या वरच्या फळीवर दोन शर्ट, चार मोजे. सकाळी कडकडीत.

१२ तारीख
गोळी फुसकी. तेवीस सेकंद. मॅडमनी फॉर्म्युला बदलला. मी म्हटलं, रंगही बदलून बघा. नुसत्या बघत राहिल्या. पटलं असावं.

१७ तारीख
एक्केचाळीस सेकंद. तिसरा फॉर्म्युला. मॅडम जेवत नाहीत. शिकलेल्या माणसांचं असंच, मुळाशी जात नाहीत. कारण मीच शोधणार. उद्यापासून. आज पँटी धुवायच्यात.

२० तारीख
स्टोअरवाले काका म्हणाले, त्या खोलीत कुबट वास येतोय. मी म्हटलं, काका, केमिकल असतं ते. तुम्हाला नाही कळायचं.

२३ तारीख
ताईने दिलेलं जाड ब्लँकेट धुतलं. उद्या पर्मनंट माणूस स्वच्छ पांघरुणात झोपेल.

२४ तारीख, संध्याकाळ
आठ पाहुणे. इतकी देखणी आग आयुष्यात लावली नव्हती. मॅडमनी गोळी चालू केली. खोकल्यासारखा आवाज, धूर चिमूटभर. मॅडमचा चेहरा पांढराफटक. मी धावलो, ड्रायिंग रूममधलं ब्लँकेट आणून ट्रेवर टाकलं. आग गार! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी ब्लँकेट उचललं, पिळलं, आणि विचारलं, ओलं कसं? मी अभिमानाने म्हटलं, कालच तर वाळत घातलंय. कुठे, म्हणाल्या. सांगितलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

२५ तारीख
पहिलाच फॉर्म्युला बरोबर होता म्हणे. गोळ्यांना ओल चालत नाही. मॅडम म्हणाल्या, तू नसतास तर आम्हाला कारणच सापडलं नसतं. मी म्हटलं, थँक्यू मॅडम. बाहेर आल्यावर काकांनी समजावलं, बाळा, ते कौतुक नव्हतं.

२८ तारीख
पुढच्या महिन्यात पुन्हा डेमो. आग दुसरा कुणी लावणार. ड्रायिंग रूमला नवं कुलूप. भाऊजींना फोन केला. म्हणाले, या सायंटिस्ट, तीन टायर वाट बघतायत. बॅग भरली. ब्लँकेटला मधोमध भोक पडलंय. तरी अजून वाळलेलं नाही.