गुणवंतसाठी धरलेला दम

प्रिय सुमन,

पोळ्यानंतर तू गेलीस, तेव्हापासून तुला काही सांगायचं तर भिंतीकडे बघून बोलावं लागतं. सून घाबरते. म्हणून आज कागद घेतला. दुपारी चारला मंडळाची बैठक आहे. गुणवंतला कबड्डीच्या संघातून काढायचं म्हणतात, आणि मी वयानं मोठा म्हणून शेवटचा शब्द माझ्यावर सोडलाय.

राग आला ना? येणारच!

पण सहा वर्षं झाली गं. दिवाळी सरली की गावोगावी मंडईची जत्रा भरते, सामने लागतात, आणि आपला संघ मान खाली घालून घरी येतो. जिल्हा फुटला तेव्हा तुझं माहेर गोंदियात गेलं. तेव्हापासून त्यांच्याकडून हरणं जास्तच झोंबतं. तुझा भाऊ पानाला चुना लावत विचारतो, "काय जी जवाई, यंदाही पालथेच काय?"

कारण एकच, तुझा गुणवंत! चढाईला जातो वाघासारखा. एक गडी शिवला की परत फिरावं ना? नाही. दुसऱ्याकडे वळतो. मध्यरेषा हातभर राहते आणि याचा दम तुटतो. सारं गाव शिव्या घालतं. मी सगळ्यांत मोठ्यानं.

"उगेमुगे राहा जी," तू मलाच दटावायचीस. "एकावर त्याचं मनच भरत नाही. तुमी जा ना मैदानात!"

"तुले काहून येवढा पुळका?"

"पोरगं पडते तं उठते बी. तुमी बसल्या जागेवरून उठता काय?"

आणि हरून आलेल्या त्या घोड्याला घरी बोलावून लाखोरीच्या डाळीचे वडे! मला मात्र, "तुमाले पचत नाही."

एकदा सामना चालू असताना मी सहज बाजूला पाहिलं. गुणवंत चढाईवर होता आणि तू ओठ मिटून, गाल फुगवून उभी! त्याच्यासोबत तूही दम धरला होतास. तो कोसळला तसा तुझाही श्वास फस्सकन सुटला. मग मी लक्षच ठेवलं. दर चढाईला तेच.

खरं सांगू? तेव्हापासून तो मला डोळ्यांसमोर नको झाला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी कधी दम धरलास गं? माझं हर्नियाचं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा तू दवाखान्याच्या दारात वांग्यांचा भाव करत होतीस!

वाटायचं, तुझं ते दम धरणं निदान मला एकट्यालाच ठाऊक आहे. तेवढं तरी माझं. पण तेरवीला तो आला, तुझ्या फोटोसमोर डोकं टेकवून किती वेळ बसला. उठताना म्हणाला, "काका, काकी दम धरून उभी राहे, ते मले मैदानातून दिसे. आता ते नाही, तं रेघ लय दूर वाटते जी."

म्हणजे त्यालाही ठाऊक! त्या दिवशी मी जेवलो नाही. सुनेला वाटलं, तुझ्या आठवणीनं. अर्धं तेही होतंच.

काल मंडळाचा अध्यक्ष विचारायला आला, "काका, काढायचा ना?" जिभेवर 'हो' आलं होतं. मग स्वतःलाच विचारलं, नामदेवा, हा हो कशाचा? हरण्याचा की जळण्याचा? उत्तर काही बरं आलं नाही.

तर ऐक. आज बैठकीत सांगणार आहे, गुणवंत राहील. आणि मंडईला तुझ्या जागेवर मी उभा राहीन, गाल फुगवून. हसू नकोस! माझी छाती भात्यासारखी वाजते, चार पावलांतच फस्स होईल. लोक म्हणतील म्हातारा बिघडला. म्हणोत. त्यानं वळून पाहिलं तर ती जागा रिकामी दिसणार नाही, हा माझा शब्द.

फक्त एक कर. मी तिकडे आलो की आधी मला विचार, "कसे आहात जी?" गुणवंत जिंकला का, ते त्यानंतर.

तुझा, अजूनही रुसलेला,
नामदेव