करंड्यातल्या चार कॅप्सूल

बंगळूर, गुरुवार, १९५९

आज जिंकले मी. माझ्या थोरल्या नणंदबाई, अक्का, विषमज्वरातून उठल्या. ताप गेला तरी कॅप्सूल संपवायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी कुंकवाचा करंडा उघडते तर आत चार कॅप्सूल जपून ठेवलेल्या.

"पुढच्या तापाला होतील," म्हणाल्या.

डॉक्टरांचं ऐकत नाहीत, तिथे माझं काय ऐकणार? दुपारी त्यांच्या केळीच्या पानावर मिठाशेजारी एक कॅप्सूल वाढली.

"हे काय गं?"

"पानात वाढलेलं टाकायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना, अक्का?"

माझ्याकडे रोखून बघितलं. मग कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणून गिळली. इतकं सोपं होतं?

आत्ताच तो करंडा माझ्यापुढे सरकवून गेल्या. "रात्रीची वाढायला विसरू नकोस."