माझा प्रस्ताव नामंजूर व्हावा म्हणून

दिनांक : १३ एप्रिल २०२६

प्रति,
मा. विभागीय पडताळणी अधिकारी,
प्राणीप्रयोग अनुज्ञा कक्ष,
नागपूर.

विषय : तांबड्या रक्तपेशींच्या आवरणातून औषध देण्याच्या प्रयोगाचा दुसरा टप्पा लेखी नामंजूर करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा प्रस्ताव क्र. ११७, दि. ८ जानेवारी २०२६.
२) त्याच प्रस्तावाला लवकर मंजुरी मिळावी म्हणून मी दिलेली तीन स्मरणपत्रे. (ती कृपया विचारात घेऊ नयेत.)

महोदय,

मी, डॉ. प्रेमिला गणपतराव घोरमाडे, वाडी येथे भाड्याच्या खोलीत राहते आणि शहरातील एका औषधनिर्माण संस्थेत सहा वर्षांपासून वरील विषयावर काम करते. विषय वाचून अर्जदाराची चूक झाली असे आपल्याला वाटेल. चूक झालेली आहे, पण ती विषयात नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

१. प्रयोग थोडक्यात असा. बोकडाच्या मानेतील शिरेतून तीस मिलिलिटर रक्त काढून त्यातील तांबड्या पेशी वेगळ्या केल्या जातात. कमी मिठाच्या पाण्यात त्या फुगतात, आवरणाला सूक्ष्म छिद्रे पडतात, आतला लाल रंग बाहेर येतो आणि जंतावरचे औषध आत जाते. मिठाचे प्रमाण पूर्ववत केले की आवरण मिटते. या पेशी त्याच बोकडाला परत टोचतात. शरीर त्यांना परके मानत नाही. थकलेल्या पेशी समजून यकृत आणि प्लीहा त्यांना गोळा करतात. यकृतकृमींचे औषध अशा रीतीने थोड्या मात्रेत थेट यकृतात पोचते आणि तिथे दीर्घकाळ टिकते. हे शेवटचे वाक्य पुढे महत्त्वाचे आहे.

२. आपल्या कक्षाच्या परवानगीने पहिला टप्पा नरखेड तालुक्यातील मौजा साखरडोह येथे, श्रीमती सिंधूताई यांच्या आठ बोकडांवर झाला. बोकड त्यांच्याच गोठ्यात व मालकीचे राहिले. कानाला लावलेले प्लास्टिकचे क्रमांक बोकडांनी एकमेकांचे चावून खाल्ले. नोंदी मिसळू नयेत म्हणून दि. ११ जानेवारी रोजी मी आठही बोकडांच्या उजव्या कानाच्या टोकाला, बधिर करून, वेगवेगळ्या जागी लहान खाच पाडली. ते करताना मी सिंधूताईंना सहज म्हणाले, "आता दुसऱ्या टप्प्याची परवानगी मिळाली की झालं."

३. साखरडोह येथे उजव्या कानाची खाच ही गावदेवी मातामायला बोललेल्या बोकडाची खूण आहे. खाच पाडताना जे तोंडाने मागावे तो नवस. मागणे पूर्ण झाले की बोकड देवीपुढे कापून गावजेवण होते. हे मला माहीत नव्हते. सिंधूताईंना माहीत होते. त्या गप्प का राहिल्या, असे मी नंतर विचारले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते : "बाई, मी तं तवाच म्हणणार होती का उजवा कान नका कापू. पण तुमी एवढ्या शिकलेल्या. म्हटलं, तुमाले मालूम असन."

४. दि. २ फेब्रुवारी ते ३० मार्च या काळात औषध देण्यात आले. आठपैकी सात बोकड कृमीमुक्त झाले. दि. २ एप्रिल रोजी आपले क्षेत्रीय पर्यवेक्षक श्री. ऋषी वानखडे पाहणीस आले आणि जाताना पारावर चहा घेत सर्वांसमक्ष म्हणाले, "काम झालंच समजा. फाइल साहेबांच्या टेबलावर हाय." संध्याकाळपर्यंत नवस फळल्याची बातमी गावभर झाली. दि. २६ एप्रिल, रविवार, हा जेवणाचा दिवस ठरला. आठ बोकड एकाच वेळी गावात आजवर कधी पडले नाहीत, त्यामुळे शेजारच्या दोन गावांनाही निमंत्रण आहे.

५. माझ्या आधीच्या मोजमापांवरून यकृतातील औषध सुरक्षित पातळीखाली येण्यास शेवटच्या मात्रेपासून पंच्याहत्तर दिवस, म्हणजे दि. १३ जूनपर्यंतचा काळ लागतो. गावच्या रीतीप्रमाणे प्रसादाची पहिली कलेजी बोकडवाल्या घरच्या गरोदर स्त्रीला देतात. सिंधूताईंची सून सौ. मिनल हिला तिसरा महिना सुरू आहे. हे औषध गरोदर स्त्रीला वर्ज्य आहे, आणि याच महिन्यांत सर्वांत जास्त. ते कलेजीतच साठावे यासाठी मी सहा वर्षे खर्च केली आहेत.

६. मी गावात जाऊन सर्व समजावले. देवीचे काम पाहणारे वयोवृद्ध श्री. चंपतराव यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्याडम, जानेवारीत तुमीच सांगतलं, बोकडाचंच रगत बोकडाले देऊन राहिलो, बाहेरचं काई नाई. आता त्यातच जहर निघालं काहून?" मी औषध आणि विष यांतील फरक मात्रेवरून सांगू लागले, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "नवस बोलताना मात्रा नाई मोजली बाईनं." लोक हसले. जेवण जूनपर्यंत पुढे न्यावे, या विनंतीवर चंपतराव म्हणाले, "मिरगाच्या पेरणीत कोन जेवाले येते? अन् देवीले थांब म्हणाले मी कोन?"

७. मिनलला मी एकटीला गाठून कलेजी खाऊ नकोस असे सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, मी समजली. पण नाई खाल्ली अन् लेकराले उद्या काई झालं, तं सासूबाई मलेच धरतीन, नाई धरल्या तं गाव धरन." तिच्या बोलण्यात मला तर्कदोष सापडला नाही. सिंधूताई स्वतः चार दिवसांपासून नीट जेवत नाहीत. बोकड दिले तर सुनेला धोका, न दिले तर देवीचा कोप, आणि दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच खऱ्या वाटतात.

८. बोकड नागपूरला हलवण्याचा प्रयत्न केला. वाहतुकीला आरोग्य दाखला लागतो, दाखल्याला कानातला बिल्ला लागतो. आपल्या कक्षाच्या बिल्ला पथकाने बोकड पाहिले आणि "कान अपूर्ण असल्याने बिल्ला देय नाही" असा शेरा दिला. कान पूर्ण करून आणण्याची तरतूद आहे का, अशी चौकशी मी लेखी केली. तिला उत्तर आले नाही.

९. शेवटी चंपतरावांनीच मार्ग सांगितला. नवस फळला तरच फेडायचा असतो. मागितलेले मिळाले नाही, तर देवीचे काही देणे राहत नाही आणि बोकड मोकळे होतात. परवानगी अजून मिळालेली नाही हे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मंग नाई म्हणल्याचा कागद आना. साहेबाच्या सहीचा." प्रस्ताव मी स्वतः मागे घेतला तर चालेल का, असेही विचारले. तो देवीला फसवण्याचा प्रकार होईल, नकार समोरूनच आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. योगायोगाने आपल्या खिडकी क्र. ३ वरही सांगण्यात आले की मंजुरीच्या टप्प्यातील प्रस्ताव अर्जदाराला मागे घेता येत नाही. या एका मुद्द्यावर देवी आणि कक्ष यांचे नियम सारखे आहेत.

१०. म्हणून नम्र विनंती की प्रस्ताव क्र. ११७ दि. २४ एप्रिलपूर्वी लेखी नामंजूर करावा. आपल्या सोयीसाठी प्रस्तावातील आणि त्याला नंतर जोडलेल्या नोंदींतील खऱ्या त्रुटी नमूद करते : परिशिष्ट तीनच्या दुसऱ्या पानावर माझी सही राहिली आहे. दि. ११ फेब्रुवारी रोजी एसटी चुकल्यामुळे सहाव्या बोकडाचे सायंकाळचे तापमान नोंदलेले नाही. कानाची खाच ही विहित खूण नाही. आठ ही संख्या लहान आहे. यांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे ठरावे.

नामंजूर विषयावर पुढील तीन वर्षे नवा प्रस्ताव देता येत नाही, हा नियम मी वाचला आहे. तीन वर्षांनी माझी संस्थेतील मुदतही संपलेली असेल. हे समजून उमजून अर्ज करीत आहे.

एकच विनंती अधिक. 'औषध परिणामकारक नाही' हे कारण कृपया लिहू नये. ते खरे नाही. पुढे कधीतरी कोणी ती फाइल उघडेल अशी आशा नाही, तरीही.

शनिवार दि. २५ रोजी सकाळच्या एसटीने मी साखरडोहला जाणार आहे. आपला नकार हाती असेल, या भरवशावर,

आपली नम्र,
(सही)
डॉ. प्रेमिला गणपतराव घोरमाडे

सोबत :
१) आठ बोकडांच्या उजव्या कानांची छायाचित्रे.
२) यकृतातील औषधाच्या मोजणीचे तक्ते.
३) बिल्ला पथकाचा शेरा, छायाप्रत.
४) नामंजुरीच्या पत्राचा मसुदा, मराठीत, मोठ्या अक्षरांत टंकलिखित. गावात मोठ्याने वाचून दाखवायचा असल्याने वाक्ये लहान ठेवली आहेत. सहीची व गोल शिक्क्याची जागा सोडली आहे.