गोजाबाईंची सही

२७ ऑक्टोबर

सनद बंद झाली! बार कौन्सिलकडून पत्र आलं. सनद चालू ठेवून वकिलाला धंदा करता येत नाही, आणि मला आता धंदाच करायचाय. इतकी वर्षं पिंपरी कोर्टात वकिली करताना दुसऱ्यांच्या जमिनींची मालकी तपासून सर्च रिपोर्ट दिले. माझी फी द्यायला लोक रडायचे आणि त्याच जमिनीवर बिल्डरचे टॉवर उभे राहायचे. त्यातलाच एक बिल्डर, नवनाथ, म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट किती दिवस देत बसणार? पार्टनर व्हा." झाले. चऱ्होलीचा प्लॉट ही आमची पहिली स्कीम.

आईने पत्र उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे निशिगंधा, तू आता वकील नाहीस?" नाही गं, म्हटलं. ती चहा गाळायला गेली. मला उगाच राग आला.

३१ ऑक्टोबर

प्लॉट दौलतरावांचा, पण सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव. गोजाबाई, कुरुळीला दिलेल्या. त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केल्याशिवाय बँक आम्हाला दारात उभं करणार नाही. दौलतराव निर्धास्त! "बहीन हाय माझी. साडीचोळी केली की सही करती. गेल्या वर्षी भाऊबीजेला शब्द दिलाय मी, नव्या बिल्डिंगीत एक खोली तिची."

मी मसुद्यात खोलीचं कलम घातलं. नवनाथने खोडलं. "शब्द दिलाय ना त्यांनी? मग कागदावर कशाला? बँक हजार प्रश्न विचारेल." हे बरोबर नाही, असं मी म्हटलं. ठणकावून म्हटलं. आणि मग खोलीशिवायचा मसुदा मीच टाइप केला.

४ नोव्हेंबर

कुरुळीला गेलो. निघताना नवनाथचा फोन — "मॅडम, कोट घालून या. कोटाला माणसं मानतात."

घातला. काळा कोट, पांढरा बँड. आरशात पाहिलं नाही.

गोजाबाई मुलाकडे राहतात, कंपन्यांच्या मागच्या चाळीत. एकच खोली. मुलगा रात्रपाळी करून आलेला, पडद्यापलीकडे झोपलेला. म्हणून आम्ही सगळे कुजबुजत बोलत होतो. त्यांनी मला गादीवर बसवलं, दौलतरावांना खाली. भाऊ आणि नवनाथ साडी काढायला गाडीकडे गेले तेव्हा माझ्याजवळ सरकल्या. "वकीलबाई, मला वाचता येत न्हाई. खोलीचं लिवलंय न्हवं? सुनंला वर्षभर सांगतीया, मी माझ्या खोलीत जानार म्हनून."

मी म्हटलं, "सगळं बघून केलंय, आत्या."

आत्या म्हटलं मी त्यांना! कुणी सांगितलं होतं?

६ नोव्हेंबर

नोंदणी झाली. ऑफिसातल्या बाबूने विचारलं, "मजकूर मान्य आहे?" गोजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मग त्यांनी हलवली. एकेक अक्षर जोडत सही केली. बाहेर आल्यावर नव्या साडीतच मला जवळ घेतलं.

१० नोव्हेंबर

भूमिपूजन. नारळ मी फोडला. टाळ्या. पेढा पर्समध्ये टाकला.

१९ नोव्हेंबर

आईला सांगायचं होतं. टीव्ही लावून बसले.

२ फेब्रुवारी

गोजाबाई आल्या, एकट्याच, दोन बस बदलून. बुकिंग सुरू झाल्याचं ऐकून भावाकडे खोलीची गोष्ट काढली होती. दौलतराव म्हणाले, "कसली खोली? कागद बघ की." सुनेने तर हसूनच घेतलं.

इतकं सांगून शांतपणे म्हणाल्या, "केस टाकायची. वकील मला तूच पायजे. बाकी कुनावर भरवसा न्हाई माझा."

हे ऐकून मला तिथून पळून जावंसं वाटलं. म्हटलं, "मला केस घेता येणार नाही. माझी सनद बंद आहे."

"कवापासनं?"

खोटं बोलणं सोपं होतं. सवयही झालीय. पण तोंडातून खरं निघालं — "दिवाळीपासून. तुमच्याकडे आले त्याच्या आधीपासून. आणि खोलीचं मीच काढलं."

ओरडतील असं वाटलं. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मग त्या दिशी तू माझ्या घरात कोन म्हनून बसली व्हतीस?"

पाणी दिलं. घेतलं नाही.

५ फेब्रुवारी

नवनाथचे फोन. उचलले नाहीत.

९ फेब्रुवारी

हक्कसोडपत्र रद्द करण्याचा दावा आज दाखल झाला. वकील माझ्या ओळखीचा, गोजाबाईंना त्याच्याकडे मीच पाठवलं. प्रतिवादी क्रमांक तीन — मी. त्यांच्या बाजूची पहिली साक्षीदार — तीही मीच.