सोनगीरला नारळ उगवत नाही

सर, तुम्ही जाऊन सात वर्षं होऊन गेली, तरी माझा राग काही गेलेला नाही. सातवीत असताना मी स्पर्धेसाठी आपला सोनगीरचा किल्ला काढला होता. उघडी टेकडी, उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ, खाली हायवेवर ट्रक. तुम्ही मागं येऊन उभे राहिलात. "किती भकास गं! असं चित्र कोण बघेल?" म्हणत माझ्या हातातला ब्रश घेतलात, आणि पायथ्याशी दोन नारळ आणि एक निळी नदी काढून मोकळे झालात. त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. शाळा टाळ्या वाजवत होती आणि मला स्टेजवर चढायची लाज वाटत होती, कारण ते चित्र माझं उरलंच नव्हतं. एकदा विचारायचं तरी होतंत! तुम्हीही त्याच उन्हात सायकल मारत शाळेत यायचात ना? मग आपल्या गावाची एवढी लाज कशाची?

आता मी धुळ्यात ॲनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षाची छोटी फिल्म केली. भर दुपारी एक शेळी सावली शोधत टेकडी चढते, एवढीच गोष्ट. बाकी सगळं काम त्या जागेचंच. दगड, धूळ, तापून थरथरणारी हवा रंगवण्यात महिने गेले. आमच्या मार्गदर्शकांनी पाहिली आणि ते म्हणाले, "पायथ्याशी दोन-चार झाडं टाक. परीक्षकांना हिरवं बरं वाटतं."

माझं डोकंच फिरलं. "सर, खाली झाड असेल तर शेळी वर जाईलच कशाला?"

"अगं, ॲनिमेशन आहे. कुठंही काहीही उगवतं."

"सोनगीरला नाही उगवत."

त्यांनी फिल्म बाहेर स्पर्धेला पाठवलीच नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये तेवढी दाखवली. आई गावाहून आली होती. हॉलमध्ये एसी गारगार चाललाय, पडद्यावर शेळी अर्ध्या टेकडीवर थांबलीय, आणि आई हळूच डोक्यावर पदर ओढून घेते. "हाई ते आपलीच टेकडी शे," ती माझ्या कानाशी म्हणते, "माले ऊन लागी राह्यनं."

मार्क कमी पडले. पडू देत.

हे सगळं तुम्हाला तोंडावर सुनवायचं होतं. पण खरं सांगते सर, आज तुम्ही समोर येऊन उभे राहिलात, तर माझ्या तोंडून "हो सर"पलीकडं काही निघणार नाही.